धक्का कोणी खायचा?

या शनिवारचा प्रश्न अगदी छोटा आहे. सायकलचं मागचं चाक दगडावर आपटलं, तर ते कुठल्या दिशेला सरकायला हवं?

तुमचं उत्तर "वर" असेल, तर तुम्ही जगातल्या बहुतेक सायकल बनवणाऱ्यांच्या बाजूचे आहात. पण गेल्या काही वर्षांत डोंगरउतारावर शर्यती लावणाऱ्या मंडळींनी दुसरं उत्तर उचलून धरलंय. ते म्हणतात, चाक वर आणि मागे सरकायला हवं. त्यासाठी मागचा दांडा फ्रेमला जिथे बिजागरीसारखा जोडलेला असतो, तो सांधा त्यांनी उचलून पेडलच्या बराच वर नेला. यालाच हाय-पिव्हट म्हणतात. पुण्यात माझ्या एका मित्राने अशी सायकल घेतली आणि तिचं मागचं सस्पेन्शन लावून द्यायला मला बोलावलं. (सॉफ्टवेअरवाल्याला कुठलीही वस्तू दुरुस्त करता येते, असा एक गैरसमज आपल्या समाजात आहे. असो.)

शॉक पंप हातात घेऊन बसल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न सायकलपेक्षा बराच जुना आहे. किती जुना, ते मला माझ्या गावाच्या रस्त्यावरून सांगता येईल. माझं गाव धामणगाव रेल्वे. अमरावती जिल्ह्यात धामणगावं बरीच आहेत, म्हणून आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आली. शेजारच्या चांदूरचंही तसंच. आता तुम्ही म्हणाल, रेल्वेच्या गावाचा आणि डोंगरातल्या सायकलचा काय संबंध? आहे. जरा थांबा.

आधी थोडं गणित

दहावीची भूमिती आठवा. चाकाची त्रिज्या ३७ सेंटिमीटर धरा (आजच्या मोठ्या चाकांच्या माउंटन बाइकची साधारण एवढीच असते). समोर ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आला. चाक दगडाच्या कडेला जिथे टेकतं तिथून आसापर्यंत एक रेघ ओढा. धक्का या रेघेवरून येतो. ही रेघ उभी नसते, उभ्यापासून ३० अंश मागे कललेली असते. म्हणजे वर ढकलणारा जोर १ किलो असेल तर मागे ढकलणारा जोर सुमारे ५८० ग्रॅम. दगड १० सेंटिमीटरचा असेल तर कोन ४३ अंशांवर जातो. वर जेवढा धक्का, जवळजवळ तेवढाच मागे.

साध्या सायकलीत मागचं चाक मुख्यतः वरच सरकतं. मग तो मागचा धक्का जातो कुठे? फ्रेममध्ये, तिथून सीटमध्ये आणि हँडलमध्ये, आणि तिथून तुमच्यात. वेग कमी होतो तोही त्याच्यामुळेच. हाय-पिव्हटवाले म्हणतात, धक्का ज्या दिशेने येतोय त्याच दिशेने चाकाला जाऊ द्या. म्हणजे स्प्रिंगला तो पूर्ण भेटेल.

आता हेच गणित बंडीला लावू. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी.) बंडीचं चाक धरा १४० सेंटिमीटर व्यासाचं, त्रिज्या ७०. तोच ५ सेंटिमीटरचा दगड. कोन येतो २२ अंश. मागचा धक्का किलोमागे ४०० ग्रॅम. नुसतं चाक मोठं केल्याने मागचा धक्का जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाला. स्प्रिंग नाही, सांधा नाही, शॉकअप नाही. लहानपणी मला वाटायचं, बंडीची चाकं एवढी मोठी कशाला? उत्तर हे आहे. ज्या गावात रस्ता नसतो तिथे चाकच रस्त्याचं काम करतं.

कापूस, रूळ आणि चाकोरी

बंडी अनादिकाळापासून आहे तशीच आहे, असं आपण समजतो. ते तितकंसं खरं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुणे-सोलापूरकडे चालणाऱ्या गाड्या अवजड होत्या, त्यांची चाकं दगडाची किंवा भरीव लाकडाची असायची आणि ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागायच्या. १८३० च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला. हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या, एका बैलजोडीला ओढता येतील अशा गाड्या. आपण जिला परंपरागत बैलगाडी म्हणतो, तिच्या प्रसारामागे असे प्रयत्नही आहेत.

वऱ्हाडात तेव्हा दूरचा माल मुख्यतः लमाणांच्या तांड्यांवर जायचा. बैलाच्या पाठीवर गोण्या, आणि हजारो बैलांची रांग. सस्पेन्शनच्या दृष्टीने पाहिलं तर ही पद्धत उत्तम! चार पाय, प्रत्येक पायाला तीन-चार सांधे, आणि दगड दिसला की तो चुकवणारं डोकंसुद्धा सोबत. फक्त एका बैलावर माल मावतो फार थोडा.

मग १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. या रुळावर बडनेरा आणि पुलगावच्या मधे धामणगाव. इथून दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटरवर यवतमाळ, कापसाचं मोठं गाव, पण तिथे रेल्वे नाही. किलिक-निक्सन कंपनीची नॅरोगेज, म्हणजे आपली 'शकुंतला', यवतमाळला आली ती विसाव्या शतकात, आणि तीही मूर्तिजापूरकडून. तोवर यवतमाळचा कापूस बंड्यांतून बाभूळगाववरून धामणगावच्या स्टेशनावर यायचा.

या रस्त्यावर धक्क्याचा हिशेब कसा होता ते पाहा. चाकावर लोखंडी धाव. (धाव म्हणजे चाकाची लोखंडी पट्टी. लोहार ती गोवऱ्यांच्या विस्तवात लाल करतो, फुगली की लाकडी चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. ती आकसते आणि सगळं चाक आवळून धरते. एकही नटबोल्ट नाही.) धाव दोन-तीन बोटं रुंद, वर आठ-दहा क्विंटलचं ओझं. एवढा भार एवढ्याशा पट्टीवरून जमिनीत उतरतो. लोखंड दबत नाही, मग दबणार कोण? जमीन. प्रत्येक बंडी तीच रेघ थोडी आणखी खोल करणार आणि मागची बंडी त्याच रेघेतून जाणार. या रेघेला मराठीत चाकोरी म्हणतात. ऑफिसात आपण "चाकोरीबाहेर विचार करा" म्हणतो तीच ही चाकोरी. पण गाडीवानाला ती नकोशी नव्हती. चाकोरीत चाक नीट चालतं, बाहेर काढलं की दगड.

पावसाळ्यात काळ्या मातीत चाक तुंब्यापर्यंत रुतायचं. सुदैवाने कापूस वेचायचे दिवस पावसाळा सरल्यावरचे, म्हणून गाडं चालून जायचं. तरी शेवटी सरकारला मुरूम-गिट्टीचा पक्का रस्ता करावाच लागला. म्हणजे बघा, बंडीने धक्का चाकाच्या आकारावर घेतला, उरलेला रस्त्यावर ढकलला, आणि रस्त्याचा खर्च सारा भरणाऱ्या सगळ्यांनी वाटून घेतला.

आणि तरीही जो उरला तो गेला बैलाच्या मानेवर.

बंडीचं सेटअप

हाय-पिव्हट सायकलबद्दल मी धामणगावच्या मोठ्या मामांना फोनवर सांगत होतो. मामांनी उभं आयुष्य बंडी हाकली, आता ट्रॅक्टर भाड्याने आणतात. चाक मागे सरकतं हे ऐकून ते म्हणाले, "चाक मांगं जाते तं जाऊ दे ना बाबू. पण मांगं गेल्यावर वजन कुठं जाते, ते पायलं का तू?"

मी म्हणालो, "मामा, तुम्ही मॅन्युअल वाचलंय का?"

"मले कायले पायजे मॅन्युअल? बंडी भरतानी तेच तं पाहा लागते."

मामांचा मुद्दा असा. बंडीला आस एकच. ओझं आसाच्या मागे जास्त झालं तर बंडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते, आणि जू बैलाच्या गळ्याला खालून ओढतं. पुढे जास्त झालं तर सगळा भार मानेवर. म्हणून कापूस भरताना माणूस मधूनमधून खाली उतरून दांडी हाताने उचलून बघतो. दांडी किंचित जड लागली पाहिजे, फार नाही. उतार लागला की गाडीवान मागे सरकून बसतो, चढ लागला की पुढे येतो. हे सगळं रोज, प्रत्येक खेपेला, कुठल्याही आकड्याशिवाय.

सस्पेन्शन लावणं म्हणतात ते याहून वेगळं काही नाही. वजन कुठे आहे आणि धक्का बसल्यावर ते कुठे जाईल, एवढं आधी ठरवायचं.

स्प्रिंग म्हणजे उधारी

मग बंडीला स्प्रिंग का नाही लावली कोणी? इंग्लंडात ओबाडाया इलियटने १८०४ च्या सुमारास लंबगोल पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं पेटंट घेतलं होतं आणि घोडागाड्या त्यावर झुलायला लागल्या होत्या. साहेबांच्या बग्ग्यांबरोबर स्प्रिंगा हिंदुस्थानातही आल्या. वऱ्हाडात बायका-मुलांना न्यायला झाकलेली दमणी होती, ती हलकी आणि बसायला बरी. पण कापसाची बंडी शेवटपर्यंत स्प्रिंगविनाच राहिली.

"गरिबी" हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे. खरी अडचण इंजिनिअरिंगची आहे. रिकाम्या बंडीत एक माणूस असतो, भरल्या बंडीत दहा क्विंटल कापूस. दहा क्विंटलला पुरेल एवढी कडक स्प्रिंग एका माणसाखाली हलणारसुद्धा नाही, आणि एका माणसासाठी मऊ केलेली स्प्रिंग कापसाखाली पार चेपून जाईल. शिवाय ती तुटली तर गावच्या लोहाराकडे स्प्रिंगचं पोलाद नाही. लाकडाचा आस मोडला तर सुतार दुसऱ्या दिवशी नवा देतो.

आणि एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. स्प्रिंग धक्का खात नाही, ती तो उधार घेते. दाबली की ऊर्जा साठवते आणि लगेच परत देते. धक्का खरा संपवायचा असेल तर कुठेतरी घर्षण हवं, म्हणजे त्या ऊर्जेची उष्णता व्हायला हवी. पट्ट्यांच्या स्प्रिंगेत एक पट्टी दुसरीवर घासते, ते थोडं काम होतं. आजच्या शॉकमध्ये तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि गरम होतं. स्प्रिंग उधारी करते, डॅम्पर ती फेडतो. नुसत्या स्प्रिंगेवर गाडी चालवणं म्हणजे क्रेडिट कार्डावर संसार चालवणं.

पशुवैद्याने केलेली क्रांती

आता सायकलकडे येऊ. मागच्या चाकाला सस्पेन्शन ही विसाव्या शतकाच्या शेवटची कल्पना आहे, असं मला वाटायचं. नाही! १८८५ मध्ये लंडनच्या लिनली अँड बिग्ज या कंपनीने 'व्हिपेट' नावाची सायकल काढली, तिची फ्रेमच स्प्रिंगवर होती. भरीव रबराची चाकं, दगडी रस्ते, हाडं खिळखिळी होणार हे सगळ्यांना कळत होतं. त्या काही वर्षांत अशा बऱ्याच सायकली निघाल्या.

आणि मग १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. डनलप पशुवैद्य होता. मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर फार उडते म्हणून त्याने रबरी नळीत हवा भरून चाकाला गुंडाळली. (रॉबर्ट थॉमसनने हीच कल्पना १८४५ मध्येच पेटंट केली होती, पण तेव्हा ती चालली नाही.) काही वर्षांतच स्प्रिंगच्या फ्रेमा बाजारातून गेल्या. ज्या कामाला दहा सांधे लागत होते ते एका हवेच्या नळीने केलं. पुढची शंभर वर्षं सायकल म्हणजे ताठ फ्रेम, हवेची चाकं आणि सीटखाली दोन स्प्रिंगा. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीचं सस्पेन्शन एवढंच.

डनलपचं नाव पुढे आमच्या शेतात आलं. हवेच्या टायरची बैलगाडी ती डनलप गाडी, मग टायर कुठल्याही कंपनीचा असो. भारतातल्या टायर कारखान्यांनी जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठी टायरचा वेगळा प्रकारच केला. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी तर बैलगाडी सुधारण्यासाठी देशभर मोहीम चालवली. मॅनेजमेंटच्या प्राध्यापकाने जू आणि आस यांच्यावर बोलत फिरावं, हे तेव्हा अनेकांना गमतीचं वाटलं असेल. त्यांचं म्हणणं मात्र सरळ होतं: जू बैलाच्या मानेला जखमा करतं, गाडीचा भार चुकीच्या जागी पडतो, आणि एवढा माल वाहणाऱ्या वाहनाकडे इंजिनिअर बघतही नाहीत. थोडक्यात, धक्का कोण खातोय ते बघा.

सांधा वर कसा सरकला

मोटरसायकलीत मागचा दांडा सांध्यावर हलवून त्याला शॉकअप लावायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. रॉयल एनफिल्डच्या १९४९ च्या बुलेटला ती होती, आणि हीच बुलेट १९५५ पासून मद्रासला बनायला लागली. १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडियाचा कारखाना निघाला आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर देशात बनू लागला. आपण त्याचं नाव शॉकअप करून टाकलं. गॅरेजवाल्याला "शॉक अ‍ॅब्सॉर्बर" म्हणून बघा, तो तुमच्याकडे संशयाने बघेल.

सायकलला ते परत आलं १९८९ नंतर. अमेरिकेत पॉल टर्नरच्या रॉकशॉक्सचा आरएस-१ हा पुढचा फोर्क निघाला, आणि मागून मागचे शॉकही आले. आपल्याकडे त्याची नक्कल असलेल्या जाड फ्रेमच्या, मधे शॉकअपवाल्या सायकली आल्या. वर्गात एकाकडे तरी ती असायचीच आणि बाकी सगळे जळायचे. पेडल मारलं की ती वरखाली डुलायची आणि अर्धी ताकद त्या डुलण्यातच जायची.

हे डुलणं म्हणजे सायकलची मूळ अडचण. मोटरसायकलला इंजिन आहे, सायकलीला माणूस. साखळी मागच्या चाकाला ओढते तेव्हा ती सस्पेन्शनलाही ओढते. सांधा वर नेला की चाक मागे सरकतं खरं, पण पेडलपासून चाकाचं अंतर वाढतं, दोन-अडीच सेंटिमीटरनेसुद्धा. साखळी काही लांब होत नाही. मग धक्का बसला की पेडल उलटं फिरून पायाला झटका देतं. म्हणजे पाठीचा धक्का वाचवला आणि तो पायाला दिला!

यावर उतारा म्हणजे आयडलर. सांध्याजवळ एक छोटी दातेरी चक्री बसवायची आणि साखळीची वरची बाजू तिच्यावरून न्यायची. साखळी सांध्याजवळून गेली की चाक वरखाली झालं तरी तिच्या लांबीत फारसा फरक पडत नाही. कल्पना नवी नाही. २००० च्या आसपास कॅनडातल्या क्यूबेकच्या बाल्फा कंपनीच्या बीबी-७ ला हेच होतं. पण ती जड, गुंतागुंतीची, फक्त उतारावरची सायकल. मधली बरीच वर्षं ही कल्पना कोपऱ्यात पडून होती. मग २०१८ मध्ये फ्रान्सच्या अमोरी पिएरोंने कोमन्सालच्या हाय-पिव्हट सायकलवर डाउनहिल वर्ल्ड कपची मालिका जिंकली. २०१९ मध्ये कॅनडाच्या फॉरबिडन कंपनीने रोजच्या पायवाटांसाठी हाय-पिव्हट 'ड्रुइड' काढली, आणि २०२१ मध्ये नॉर्को, ट्रेक, कॅननडेल अशा मोठ्या कंपन्याही त्यात उतरल्या.

यात एक गंमत आहे. पुढचा फोर्क मुळात मागे कललेला असतो, त्यामुळे पुढचं चाक धक्का बसला की पहिल्यापासून वर आणि मागेच जात आलंय. ते कोणाला खटकलं नाही. प्रश्न फक्त मागच्या चाकाचा होता, कारण तिथे साखळी होती.

मित्राच्या सायकलवर काय केलं

आता प्रत्यक्ष काम. मागच्या चाकाची चाल १५० मिलिमीटर, शॉकचा दांडा आत जातो ६५ मिलिमीटर. म्हणजे शॉक १ मिलिमीटर दबला की चाक सरासरी २.३ मिलिमीटर हलतं.

पहिलं काम सॅग, म्हणजे नुसत्या वजनाने शॉक किती दबतो ते. आम्ही ३० टक्के धरले, म्हणजे साडेएकोणीस मिलिमीटर. मित्राने हेल्मेट, पाण्याची पिशवी, बूट सगळं चढवलं, भिंतीला हात टेकवून तो पेडलवर उभा राहिला. शॉकवरची रबरी रिंग सरकवायची, तो हळूच उतरला की किती सरकली ते मोजायचं, हवा कमी-जास्त करायची. हवा भरताना मधेमधे शॉक दाबून घ्यायचा, नाहीतर आतल्या दोन कप्प्यांत दाब सारखा होत नाही. बंडीला जे जमलं नाही ते इथे जमतं, कारण स्प्रिंग हवेची आहे. माणूस बदलला की दाब बदला, झालं.

इथे मामांचा प्रश्न उपयोगी पडला. वजन कुठे जातं? मित्र उभा राहिल्या राहिल्या मागचं चाक थोडं मागे गेलं, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर वाढलं आणि त्याचं वजन आधीपेक्षा पुढच्या चाकावर जास्त आलं. म्हणून फोर्क थोडा कडक केला. हे न करता फक्त मागचं लावत बसलो असतो, तर उतारावर सायकल नाकावर झुकली असती. बंडीची दांडी हाताने उचलून बघतात ते हेच.

दुसरं काम रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो ते. फार जलद ठेवला तर उधारी व्याजासकट परत, सायकल लाथ मारते. फार हळू ठेवला तर एका दगडातून सावरायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि शॉक खालीच अडकून राहतो. हाय-पिव्हटमध्ये खाली अडकणं म्हणजे लांब होऊन राहणं, मग वळणावर सायकल वळत नाही. आम्ही मधोमध ठेवून सुरुवात केली आणि एकाच उतारावर पुन्हा पुन्हा जाऊन एकेक क्लिक बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. डीबगिंगचा नियम आहे हा, दुसरं काही नाही.

तिसरं काम आयडलर. पुसायचा, तेल द्यायचं, दाते बघायचे. ही चक्री फुकट काम करत नाही. प्रत्येक पेडलमागे थोडी ताकद खाते, चिखलात कुरकुरते. वंगण दिलं नाही तर बंडीसारखीच ओरडते.

रविवारी सिंहगडाच्या बाजूला एका खडकाळ वाटेवर मित्र खाली आला आणि म्हणाला, "दगड होते की नाही तेच कळलं नाही." छान. पण वर चढताना त्याची साखळी सगळं सांगत होती.

हिशेब

मला यातून एकच गोष्ट लक्षात ठेवाविशी वाटते. धक्का नाहीसा होत नाही, तो कोणाकडे तरी जातो. चाकाकडे, रस्त्याकडे, बैलाकडे, हवेकडे, तेलाकडे, साखळीकडे, किंवा माणसाच्या पाठीकडे. सस्पेन्शनचा दीडदोनशे वर्षांचा इतिहास हा धक्का घ्यायला कोणीतरी नवा शोधण्याचा इतिहास आहे. चांगली रचना म्हणजे ज्यात तो नीट पेलणाऱ्याकडे जातो. वाईट रचनेत तो ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे जातो.

आमच्या तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट विदर्भात प्रसिद्ध आहे. पटाचा छकडा म्हणजे जवळपास काहीच नसलेली गाडी. स्प्रिंग नाही, बसायची जागा धड नाही. धुरकऱ्याचे गुडघे हेच सस्पेन्शन. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा शर्यती बंद केल्या, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. या सगळ्या वादात प्रश्न तोच होता: वेगाची मजा आपली, मग धक्का कोणाचा?

याच तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, गुळगुळीत. सगळा धक्का रस्त्यानेच आधी खाऊन टाकलाय. पण त्यावर ना बंडीला परवानगी आहे, ना सायकलला, ना मोटरसायकलला. महामार्गाच्या खालून, शेताच्या वाटेने, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बायका कापूस वेचायला जातात. अशा कितीतरी ट्रॉल्यांना स्प्रिंग नसते, ट्रॉलीला पाठ टेकायला फळी असते. युरोपात कामगाराच्या शरीराला आठ तासांत किती हादरे बसू द्यायचे याचा नियम २००२ पासून आहे. ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेलं की मालकाने उपाय करायचे, १.१५ च्या वर तर जाऊच द्यायचं नाही. ट्रॉलीत बसून मी कधी मोजलेलं नाही. पण फोनमध्ये अ‍ॅक्सलरोमीटर आहे, त्यातून आकडे काढणारी शंभर ओळींची स्क्रिप्ट लिहायला आपल्यातल्या कोणालाही एक शनिवार पुरेल.

लाखांच्या सायकलवर दगड कळू नयेत म्हणून आपण एवढं डोकं चालवतो. त्यातलं थोडं त्या ट्रॉलीखाली गेलं, तर मामांच्या शेतात वेचणीला येणाऱ्यांची पाठ संध्याकाळी जरा कमी दुखेल.